दारावरची फांदी

जगात काळजी करण्याजोगं जे काही आहे ते आपल्याच वाट्याला आलं आहे, अशी जपानमधल्या ओजिमातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची ठाम समजूत आहे. लिफ्ट अडकेल म्हणून ते जिन्याने जातात, साखर वाढेल म्हणून चहा बिनसाखरेचा पितात. जपानला येण्याआधी कंपनीने त्यांना हंगेरीतल्या शोप्रोन नावाच्या जुन्या गावी ठेवलं होतं. गावाबाहेर द्राक्षमळे, पलीकडे ऑस्ट्रिया. फिरता फिरता चुकून सरहद्द ओलांडली तर काय, या धास्तीने तिथे पासपोर्ट कायम खिशात. इथे कचरा टाकायलाही ते तो घेऊनच उतरतात. द्राक्षांच्या गावात राहून वाइनला त्यांनी हात लावला नाही. तिथे वेलींच्या ओळींमध्ये घेवडा लावतात, त्याची उसळ आठवून मात्र ते अजून हळवे होतात.

तिथली एक रीत त्यांनी सोबत आणली. घरची वाइन तयार झाली की शोप्रोनचा मळेवाला दाराला हिरवी फांदी बांधतो. मग कुणीही न विचारता आत जावं. काका चहाचं आधण ठेवलं की दाराला पाइनची फांदी बांधतात. शेजारच्या जपानी आजींना वाटलं, मार्च आला तरी यांची नववर्षाला दाराशी लावायची पाइनची सजावट उतरली नाही. त्या संकोचत सांगायला आल्या आणि चहा पिऊन गेल्या. इथे फोन केल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. तालुक्याच्या शाळेत शिकून घरातला पहिला पदवीधर झालेल्या, कुणाच्या दारी जायला बिचकणाऱ्या मला त्या फांदीचा केवढा आधार वाटला, ते काकांना नीट सांगता आलं नाही.

"फांदी नसली की मात्र यायचं नाही हं," ते बजावत.

मग काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि फांदी दिसेनाशी झाली. मी रोज वर जायचो, बंद दार बघून परतायचो. आत दिवा असायचा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी राहवेना. बागेत पडलेली एक फांदी आणून मी माझ्याच दाराला बांधली. माझं दार जिन्याला लागूनच आहे.

हॉस्पिटलातून परतणारे काका थबकले. आत आले, चपला सरळ लावल्या.

"गॅस नीट बंद होतो ना रे तुझा?"

"चहा उकळतोय, काका."

"उद्या सकाळी नेणार तिला." कप तसाच निवला. उठताना म्हणाले, "फांदी राहू दे उद्या."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. दुपारपासून आधण ठेवत होतो, आटलं की पाणी घालत होतो. अखेर जिन्यावर पावलं वाजली. बेल न वाजवता काका आत आले आणि खुर्चीत बसले. मला विचारायचा धीर होईना.

"शुद्धीवर आली ती. आज साखर घाल," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत राहिले.