सहाव्या आकड्याआधीचा वार

मुलाणी वस्तादांची आणि माझी पहिली भेट पौडच्या बाजारातल्या पिठाच्या गिरणीत झाली. सत्तरच्या दशकाची अखेर होती. माझे वडील तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. मी पुण्यात कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहायचे आणि शनिवारच्या एस्टीने घरी यायचे. तेरा वर्षांची होते. उत्तर येत असूनही वर्गात हात वर होत नसे. सिस्टरनी उभं केलं तर ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. बाबांनी कुठूनसं ऐकलं होतं, की गिरणीवाले इस्माईल मुलाणी मुलींना लाठी शिकवतात.

वस्ताद तेव्हा तिशीचे असतील. भुवयांपर्यंत पीठ. गिरणी धडधडत होती. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं.

"न्हाई ऐकू आलं."

मी पुन्हा सांगितलं. बाबा मध्ये पडले, "जरा गिरणी थांबवता का?"

"गिरणी कशापायी थांबवायची, डाक्टर? पोरीनं आवाज काढावा की."

चौथ्या वेळी मी जवळजवळ किंचाळून 'माधुरी' म्हटलं, तेव्हा दळणाला आलेल्या बायका हसल्या. वस्ताद त्यांच्याकडे वळून म्हणाले, "हसताय काय? तुमास्नी तरी तुमचं नाव कुणी कदी इचारलंय का?" पुढे महिनाभर माझ्या हातात काठी आली नाही. गिरणीपाशी उभं राहून नाव, गाव आणि पाढे, एवढंच. वर्गात माझा हात त्या महिन्यातच पहिल्यांदा वर गेला.

मुली त्यांनी दारोदार फिरून मिळवल्या होत्या. कोळवणच्या खोऱ्यात भातलावणी आटोपली की ते सायकलवरून जायचे, अंगणात बसायचे आणि म्हणायचे, "एक पोर द्या. काठी माजी, जबाबदारी बी माजी." अंधार पडायच्या आत प्रत्येकीला दारापर्यंत पोचवायचे. त्यांच्या स्वतःच्या दोन लेकी आणि मी धरून अशा अकरा जणी जमल्या. त्यांत कोळवणची हौसा सगळ्यांत चपळ. शाळा सुटलेली, दिवसभर गुरांमागे. पण काठी हातात आली की ती सरपंचाच्या पोरासारखी चालायची. मला सहा वार तिनेच बसवून दिले. "मनगट ढिलं सोड, बाई, लाटणं न्हाई त्ये," असं म्हणायची.

वस्तादांच्या आखाड्यात एक रीत होती. चूक झाली की जिची चूक तिने काठी दोन्ही हातांवर आडवी घ्यायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'चूक माझी.' त्यावर कुणी हसलं, तर हसणारीला मैदानाला दहा फेऱ्या. चूक कबूल करणारी पोर कुणाला भीत नाही, असं ते सांगायचे.

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर आमचं प्रात्यक्षिक झालं. गाव लोटलं होतं. माझ्या वर्गातल्या दोघी पुण्याहून जीपने आल्या होत्या. जोडीला मी आणि हौसा. वस्ताद आकडे म्हणणार, सहाव्या आकड्याला मी डोक्यावर वार करायचा आणि हौसाने काठी आडवी धरून तो झेलायचा. पाच आकडे झाले. तेवढ्यात माझी एक मैत्रीण खुदकन हसली. मला वाटलं, माझ्या नऊवारीला हसली. आपण किती चलाख आहोत हे तिला दाखवायचं म्हणून मी सहावा आकडा यायच्या आतच वार केला. हौसाची काठी अजून खालीच होती. तिची भुवई फुटली.

सगळे थांबले. हौसाचे वडील मैदानात आले. "कुनाची चूक?"

काठी माझ्या हातात होती. वस्तादांनी दिलेला आवाजही माझ्या गळ्यात होता. मी जीपकडे पाहिलं आणि गप्प उभी राहिले. वस्तादांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग स्वतःची काठी दोन्ही हातांवर घेतली आणि साऱ्या गावासमोर म्हणाले, "चूक माजी. आकडा म्या चुकवला."

त्या दोन वाक्यांची किंमत त्यांनी एकट्यांनी मोजली. 'ह्येला पोरी शिकवायची हौस लई' असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणाले, आणि त्यांच्या जातीवरूनही बोलले. कितीतरी घरांची दळणं दुसऱ्या गिरणीवर गेली. अकरातल्या तीन मुली उरल्या, त्यांत दोघी त्यांच्या स्वतःच्या. हौसा पुन्हा आली नाही. मी मात्र येत राहिले. पुढे कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतली, नोकरीत चारचौघांत ठासून बोलले, आणि ते धाडस कुठून आलं असं कुणी विचारलं की अभिमानाने वस्तादांचं नाव सांगत राहिले. त्या वाराबद्दल एक शब्द बोलले नाही.

पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला वस्तादांच्या संयमाची एखादी आठवण लिहायला सांगितली. लिहायला बसले आणि लिहवेना. शेवटी भूगावच्या माझ्या घरून पौडला गेले आणि त्यांना सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय की," ते म्हणाले. "माजे डोळे काय गिरणीत ऱ्हायले व्हते? तू नुकती कुटं बोलाय लागलीवतीस. तितं तुजं नाव घेतलं असतं तर पुन्यांदा मुकी झाली असतीस. हौसा दणकट. म्हनलं, ती सावरंल." मग म्हणाले, "तिला इचारलंस का कदी?"

नव्हतं विचारलं. तिथूनच कोळवणला गेले. हौसाबाईंची भुवई अजून दोन तुकड्यांत आहे. माझं बोलणं संपेपर्यंत त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मग त्यांचा हात थांबला.

"म्हंजी माजी काठी उशिरा न्हवती गेली?"

"नाही. मीच आधी मारलं."

"मला वाटायचं आकडा झालावता, म्याच मंद. वस्तादांनी माज्यापायी खोटं अंगावर घेतलं. त्या लाजंनं गेले न्हाई म्या परत." त्यांनी सूप खाली ठेवलं. "आयुष्यभर नवऱ्याला, सुनांना सांगत आले, मला काय जमायचं न्हाई म्हनून."

मी हात जोडले. त्यांनी ते खाली केले.

"हितं सुपापाशी नको सांगू. मारलंस लोकांम्होरं, तर सांग बी लोकांम्होरं."

म्हणून हा लेख असा आहे. मुळशी तालुक्यातल्या ज्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी वस्तादांना दोष दिला आणि ज्यांनी तो पुढच्या पिढीला ऐकवला, त्यांना मी सांगते: वस्तादांचा आकडा चुकला नव्हता, आणि हौसाबाईंची काठीही मंद नव्हती. चूक माझी.

वस्ताद पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. आजही ते रोज सकाळी मैदानावर उभे असतात आणि भूगावच्या नव्या सोसायट्यांतल्या मुली त्यांच्याकडे येतात. त्यांचे गुडघे आणि नजर अशीच शाबूत राहोत, त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. हे मागणं निव्वळ त्यांच्यासाठी नाही. जेवढी वर्षं मी गप्प राहिले, तेवढी वर्षं खरं सांगत फिरायची माझी इच्छा आहे, आणि ते ऐकायला वस्ताद आमच्यात असायला हवेत.