कलणारी होडी

धाकट्या बहिणीचं कौतुक वाटत असेल ना, असं लोक विचारायचे. मी हो म्हणायचे. खरं तर जळफळाट व्हायचा माझा. मला शिकायला पुण्याला जायचं होतं, तेव्हा आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, शिरूरच्या पुढे पाऊल टाकू दिलं नाही. शिरूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी गावातच मास्तरीण झाले. हिच्या वेळेपर्यंत आप्पा निवळले आणि ही बया थेट पुण्याच्या होस्टेलवर. तिथे धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी चालवायला शिकली. आमच्या कवठे येमाई गावची पोर!

दोन हजार सालानंतरची एक उन्हाळ्याची सुट्टी. ही घरी आली ती नाचतच. मुंबईहून कोचीला शिडाची होडी जाणार होती, भर समुद्रातून, आणि त्या चमूत हिची निवड झाली होती. तिने होडीचा फोटो आप्पांच्या हातात दिला. फोटोत होडी एका अंगावर झुकलेली, काठ पाण्याला टेकलेला आणि माणसं वरच्या बाजूला रांगेत बसलेली.

आप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. घोड्यावर बिऱ्हाड लादताना ओझं एका बाजूला जरा झुकलं, तरी ते सगळं उतरवून पुन्हा बांधायचे. त्यांनी फोटो आडवा-उभा करून पाहिला.

"ही तर आत्ताच कलंडलीय. आन् किती अरुंद! न्हाई जायाचं."

"आप्पा, तिचं स्टॅबिलिटी रेटिंग एकशे पंचवीस आहे," बहीण म्हणाली. पुण्याला गेल्यापासून ती 'हाय' सोडून 'आहे' म्हणायची, त्याचाही मला राग यायचा.

"म्हंजी काय?"

"म्हणजे... खूप चांगलं."

आप्पांनी फोटो परत केला. बहीण रडवेली झाली आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मी गप्प बसले असते तर विषय तिथेच संपला असता. पण होडीत बसायला मिळतं हिला, आणि आकड्याचा अर्थ सांगता येत नाही? हे काही मला सहन होईना.

मी स्वयंपाकघरातून पोळपाट आणला आणि तेलाची रिकामी प्लास्टिकची बाटली. बाटलीच्या एका कुशीला सळईचा तुकडा सुतळीने घट्ट आवळला. दोघांना गोठ्याजवळच्या हौदावर नेलं.

पोळपाट पाण्यावर सोडला. जरा हलला नाही.

"अशी पायजे होडी," आप्पा म्हणाले.

मी तो उलटा केला. पाय वर करून तो तितक्याच निवांतपणे तरंगत राहिला. "रुंद होडी सहजी कलत न्हाई, आप्पा. पर एकदा पालथी झाली की पालथीच ऱ्हाती."

मग बाटली सोडली. सळई खाली गेली. बोटानं जरा ढोसलं तरी ती डुलायची. पण कितीही फिरवून सोडली, तरी वळून पुन्हा सळई खाली. "होडीच्या तळाला असंच वजन असतंय. किती अंशांपर्यंत कलली तरी परत सरळ व्हईल, त्येचा तो आकडा. नव्वद अंशाला डोलकाठी पाण्यावर आडवी. ही त्येच्याबी पलीकडं, एकशे पंचवीसपर्यंत जाऊन परत येती."

आप्पांनी बाह्या सावरून बाटली स्वतः फिरवली. पुन्हा पुन्हा फिरवली.

"म्हंजी ही कलती, पर पडून ऱ्हात न्हाई."

"व्हय."

"जा मग," ते तिला म्हणाले.

ती किंचाळून माझ्या गळ्यात पडली. आप्पांनी हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "हिला समदं कळतंय. बरं झालं, हिला कवा कुठं जायाचंच नव्हतं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच आठवत नव्हतं.