एकाच बॅटरीवरचा दिवा

बीडजवळच्या पालीत रुद्राणीच्या बॅटरीवरच्या स्कूटरला सगळे 'करंटची गाडी' म्हणत. कंपनीचं इंग्रजी नाव तिच्यावर चंदेरी अक्षरांत चिकटवलेलं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. धूर नाही, आवाज नाही, गिअर नाही, लायसन लागत नाही. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती पळत नाही. सासरे बसवेश्वरआप्पा गाडी घ्यायला तयार झाले ते या शेवटच्या गुणावर. "बाईमाणसाला शोभंल अशी हाय," असं त्यांनी बीडच्या शोरूममध्ये चारचौघांत सांगून टाकलं होतं. तेव्हा बीडात रोज काहीतरी नवं उघडत होतं. या शोरूमलाही फुगे लागले, पेढे वाटले गेले, आणि बघता बघता शटर पडलं ते पडलंच. त्या जागी मोबाइलचं दुकान आलं. गाडी बिघडली तर जायचं कुठं, हे विचारायला कुणी उरलं नाही.

गाडी घ्यावी लागली ती रुद्राणीच्या कामासाठी. बीडात एका साडीच्या दुकानात फॉल-पिकोच्या मशीनवर तिला जागा मिळाली होती. पालीच्या फाट्यावर काळीपिवळी जीप मिळे, पण तीत माणसं कशी कोंबतात हे सगळा जिल्हा जाणतो. आपल्या घरची सून परक्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही, हे आप्पांनी आधीच ठरवलेलं. एसटी फाट्यावर थांबली तर थांबली, नाहीतर हात करणाऱ्याच्या तोंडावर धुरळा. नवरा वैजिनाथ घरचं किराणा दुकान बघायचा. माणूस भला. त्यानं बायकोला कधी नाही म्हटलं नाही, पण हो म्हणायलाही त्याला वडिलांच्या तोंडाकडं बघावं लागे.

साडीच्या दुकानात रुद्राणीची जागा म्हणजे कोपऱ्यातलं एक स्टूल. पण त्या स्टुलावर बसली की ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. गिऱ्हाइकं तिला पिकोवाली ताई म्हणत आणि साडीच्या रंगाला कुठला दोरा शोभेल हे तिला विचारत. घरी तिला भाजीत मीठ किती घालायचं हेही कुणी विचारत नव्हतं. त्या स्टुलासाठी ती रोज उन्हातान्हात त्या संथ गाडीवरून जायची आणि वाटेत बिंदुसरेच्या धरणाचं पाणी दिसलं की एकटीच गाणं म्हणायची. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता लोडशेडिंगचं सांगितलं पाहिजे. ती लाइट जाण्याचीच वर्षं होती. दिवेलागण झाली की पालीवर काळोख पडे, तो जेवणंखाणं उरकेपर्यंत. आणि नेमकी तीच आप्पांची पोथीची वेळ. कपाळाला भस्म लावून, इष्टलिंगाची पूजा करून आप्पा ओसरीत पोथी उघडून बसत आणि गल्लीतली माणसं ऐकायला येत. हा नेम आप्पांच्या वडिलांपासूनचा. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, कंदिलाच्या उजेडात अक्षर लागेना. ओसरीतच रुद्राणीची गाडी उभी असायची. एके दिवशी वैजिनाथला सुचलं, "हिच्यात चार बॅटऱ्या हायेत की! एकीवर ट्रॅक्टरचा बल्ब लई झकास लागंल." त्यानं पाय ठेवायच्या जागेवरचं झाकण काढलं, हाताला पहिली लागली त्या बॅटरीला बल्बच्या वायरींचे चिमटे लावले, आणि ओसरीत लख्ख उजेड पडला.

त्या रात्री घरात नुसता सण. सासू जगदेवीनं आल्यागेल्याला सांगितलं, "सुनंच्या गाडीनं घर उजळलं बगा." खोटं कशाला बोलायचं, रुद्राणीलाही बरं वाटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती बीडहून आली की गाडीचं इंजिनसुद्धा, म्हणजे जे काय असतं ते, गार व्हायच्या आत वैजिनाथ चिमटे लावायचा. रोज त्याच एका बॅटरीला, कारण तीच हाताशी होती. बाकीच्या तिघींना हात लावायला सीट उचकटावी लागे, आणि एवढी खटपट वैजिनाथच्या स्वभावात नव्हती.

काही महिन्यांत गाडी दमायला लागली. आधी चढाला रडली, मग सपाटीवर, आणि एकदा भर दुपारी धरणाजवळ जी बसली ती उठेना. रुद्राणीनं ढकलत घरी आणली. वैजिनाथनं मग सगळ्या बॅटऱ्या बाहेर काढून पुसल्या आणि परत बसवताना मुख्य वायरी उलट जोडल्या. सीटखाली फट् झालं, जळका वास आला, आणि करंटच्या गाडीतला करंट संपला. वैजिनाथ तिच्याकडं न बघता म्हणाला, "चिनी माल. दुसरं काय?"

गाडीवर चादर पडली. घरात कुणी रागावलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. तिथंच तर सगळं अडलं होतं. जगदेवी म्हणाली, "बरं झालं, तेवढाच जिवाला आराम." आप्पा म्हणाले, "कावून एवढी तडफड करती माय? खायाला कमी हाय का इथं?" कमी काहीच नव्हतं. भाकरी थापायची, धुणं धुवायचं, दुकानातल्या डाळी निवडायच्या, आणि महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत बसायचं. ते हॉर्न ती आधीही ऐकत होती, पण आता प्रत्येक हॉर्नला ती मान वर करून रस्त्याकडं बघायची. कोणीतरी कुठंतरी चाललं होतं. भांडण झालं असतं तर तिनं तोंड तरी उघडलं असतं. मायेनं दार लावून घेणाऱ्यांशी भांडायचं कसं?

त्यात साडीच्या दुकानाच्या शेठचा फोन आला. "ताई, लग्नसराई तोंडावर आली. मशीन रिकामी ठिवून मला परवडत न्हाई. येत असाल तर या, न्हाईतर एक पोरगी विचारायलीय." रुद्राणीनं फोन ठेवला आणि पहिल्यांदाच कुणाला न विचारता ठरवलं. फॉल-पिकोच्या कमाईतून बाजूला टाकलेले पैसे काढले आणि शेजारच्या आश्रुबाच्या टेम्पोत गाडी चढवली. आश्रुबा भाजी घेऊन बीडला जायचा. गाडी मागं कोबीत आडवी आणि रुद्राणी पुढं ताठ बसून, अशी वरात बीडात शिरली.

तिथं आश्रुबानं तिला बिभीषण मिस्त्रीकडं नेलं. तो ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरायचा आणि जळक्या पंख्यांना नवी तार गुंडाळायचा. अशी गाडी त्यानंही फार उघडलेली नव्हती. त्यानं चारी बॅटऱ्या फरशीवर मांडल्या आणि एकेकीला मीटर लावला. तिघींत थोडीफार धुगधुगी होती. चौथी पार गेलेली.

"ताई, ह्या एकटीचंच रगत कुणी पेलं?" त्यानं विचारलं.

रुद्राणीनं बल्बचं सांगितलं. बिभीषणनं कपाळाला हात लावला. "चौघींनी मिळून वढायचं असतंय ना वो. एकीलाच रोज पिळलं तर ती मरती अन् बाकीच्यांना बी घेऊन बसती. आता चारी नव्या टाका. आन् मोटारीला करंट सोडणारा कंट्रोलर बी. त्यो तर जळून कोळसा झालाय."

त्या कंपनीचा कंट्रोलर आता मिळणं शक्य नव्हतं. बिभीषणनं औरंगाबादहून दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचा मागवला. तो आला त्या दिवशी रुद्राणी पुन्हा आश्रुबाच्या टेम्पोतून गेली. वायरींचे रंग एकमेकांशी जुळेनात. बिभीषणनं अंदाजानं जोडल्या, मागचं चाक अधांतरी उचललं आणि मूठ पिळली. चाक फिरलं, पण उलटं.

"घ्या! ही तर मागंच निगाली!" बिभीषण हसला. रुद्राणीला हसू आलं नाही. मग त्यानं दोन वायरींची अदलाबदल केली, पुन्हा मूठ पिळली, आणि चाक सुळकन पुढं फिरलं. रुद्राणीचे डोळे भरून आले. ती दोऱ्याचं रीळ शोधायचं निमित्त करून पिशवीत बघत राहिली.

जुन्यांतली त्यातल्या त्यात बरी बॅटरी तिनं मागून घेतली, घरच्या दिव्यासाठी. "फार दिस चालायची न्हाई," बिभीषण म्हणाला, "पण नव्यांना चिमटा लागला तर माझ्याकडं येऊ नका."

त्या संध्याकाळी जुन्या बॅटरीवर बल्ब लागला. आप्पांनी पोथी उघडली, पहिलं पान संपलं, आणि बल्ब लालसर होत होत विझला. अंधारात वैजिनाथ उठला. गाडीच्या झाकणाचा आवाज झाला.

"न्हाई," रुद्राणी म्हणाली.

"पोथीपुरतंच गं."

"न्हाई म्हणले ना! माझी गाडी हाय ती. चिमटा लावायचा न्हाई." आवाज एवढा मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. आता आप्पा ओरडतील, निदान वैजिनाथ तरी काही बोलेल, असं तिला वाटलं. पण आप्पांनी पोथी चाचपत मिटली आणि हळूच म्हणाले, "बरं माय. अंधारात बसू." त्यांनी शिवी दिली असती तरी तिला एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. स्टूल जागेवर होतं, मशीन जागेवर होतं. गाडी वाऱ्यासारखी नव्हे, पण न थकता गेली आणि आली. घरी अंधार होता. आप्पा पाठ होतं तेवढं म्हणत होते, चार-दोन माणसं ऐकत होती. रुद्राणी चुलीपुढं भाकरी थापायला बसली. मध्येच आप्पा अडखळले. ओळ आठवेना. ते मागे गेले, पुन्हा तिथपर्यंत आले, पुन्हा थांबले. बाहेर कुणी खोकलं. त्या म्हाताऱ्याची लाज रुद्राणीला सहन होईना, आणि तिच्या तोंडून पुढची ओळ आपोआप निघून गेली. इतकी वर्षं भाकरी थापताना कानावर पडलेली. तिला पाठ आहे हे तिलाच माहीत नव्हतं.

"पुढं?" आप्पांनी विचारलं.

तिनं पुढची सांगितली. मग त्याच्या पुढची. पिठाचे हात घेऊन ती ओसरीच्या उंबऱ्यात येऊन बसली आणि अध्याय संपेपर्यंत म्हणत राहिली. जगदेवीनं डोळ्याला पदर लावला. वैजिनाथ बायकोकडं नव्यानं बघत होता. आणि रुद्राणीला त्या घरात पहिल्यांदाच आपला आवाज आवडला. ते सुख खरं होतं, त्यात काही खोट नव्हती.

"आता बल्ब कशाला पायजे?" आप्पा म्हणाले. "दिवा तर घरातच हाय. उद्या दिवेलागणीच्या आत ये, माय. तुज्याबिगर पोथी व्हायची न्हाई."

पोथीला माणसं वाढली. रुद्राणीची पोथी ऐकायला फाट्यापलीकडून बाया यायला लागल्या. आप्पा तर तिन्हीसांजेपासून ओसरीत बसून रस्त्याकडं कान लावायचे.

लग्नसराई भरात आली तसा शेठ म्हणाला, "ताई, जनरेटर लावलाय. गर्दी संध्याकाळचीच असती. रोज थोडं उशिरापर्यंत थांबा, न्हाईतर त्या पोरीला सांगावं लागंल." समोर नवरीकडची माणसं शालूंचा ढीग घेऊन बसली होती. एक म्हातारी विचारत होती, "ताई, ह्याला कुठला दोरा शोभंल?" रुद्राणीनं दुकानाबाहेर बघितलं. ऊन भिंतीवरून उतरत होतं.

"अंजिरी," ती म्हणाली, आणि स्टुलावरून उठली. "शेठ, त्या पोरीला सांगा."

गाडीच्या चार्जिंगचा काटा पार वर होता. रस्ता मोकळा होता आणि नवा कंट्रोलर चढालासुद्धा कुरकुरत नव्हता. बिंदुसरेचं पाणी दिसलं तेव्हा तिनं गाणं म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडात पोथीचीच ओळ आली. पालीचा फाटा आला. चारी बॅटऱ्यांत एवढा दम होता की गाडी सरळ घाट चढून मांजरसुंब्याच्याही पुढं गेली असती. रुद्राणीनं मूठ सोडली, ब्रेक दाबला, आणि दिवेलागणीच्या आत घराकडं वळली.