मामा नेमाची प्रार्थना

माझ्या हृदयाचा रिपोर्ट डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला. प्रसूती विभागात नर्स म्हणून नोकरी केलेल्या बाईला त्या पुन्हा वाचण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण सेवेसाठी टांझानियातल्या एका खेड्यात निघाले होते. तिथं गरोदर बायकांसाठी आरोग्य शिबिर होतं, आणि जाण्याआधी प्रत्येकानं तब्येत दाखवून घ्यावी, एवढंच पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. मी भाजी आणायला निघाल्यासारखी सहज गेले होते. "सिस्टर, अँजिओग्राफी करून घेऊ या. टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाले, "पण विमानाचं आता डोक्यातून काढून टाका."

नेरूळच्या आमच्या घरात तेव्हा हॉलच्या मधोमध बॅग उघडी पडली होती. मंडळीतल्या बायकांनी तान्ह्या बाळांसाठी विणलेली टोपडी, मऊ सुती दुपटी, माझे दोन साधे पंजाबी ड्रेस. परदेशात सेवेला जायचं हे मी लग्नाआधीपासून मनात धरलं होतं. मग लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण, रात्रपाळ्या. प्रत्येक वेळी देवाला म्हणायचे, "प्रभू, पुढं कधीतरी." निवृत्त झाले, मुलं मार्गी लागली, आणि मला वाटलं, आता ती वेळ आली. आमच्या नेहमीच्या कोळीणबाईलासुद्धा ठाऊक होतं. "बाय, तिकरं मावरं भेटंल ना तुला?" म्हणून ती माझ्या मासळीच्या काळजीनं विचारायची. रविवारी उपासना झाली की तिकडं राहून आलेले एक काका आम्हाला थोडी स्वाहिली शिकवायचे. तिथं बाईमाणसाला आदरानं 'मामा' म्हणतात हे ऐकून सगळे हसले होते. माझे यजमान तर घरी मुद्दाम "मामा, चहा टाका" म्हणायला लागले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी बॅग बंद केली आणि भिंतीशी सरकवली. प्रार्थनेला बसले, पण शब्द येईनात. आले ते भांडणाचेच. मी स्वतःसाठी काय मागितलं होतं? तुझंच काम करायला निघाले होते ना? मग दारापर्यंत आणून मागं का ओढलंस? यजमान शेजारी बसून राहिले. "अगं, त्याच्याशीच भांडतेस ना, भांड," एवढंच म्हणाले. त्यांच्या त्या बोलण्यानं मला अधिकच रडू आलं.

अँजिओग्राफीच्या दिवशी सकाळी मला हिरवा गाऊन घालून, चाकाच्या खुर्चीत बसवून तपासणीच्या खोलीबाहेर आणून ठेवलं. यजमान कसल्याशा सह्या करायला खाली गेले होते. किती बायकांना मी प्रसूतीच्या टेबलावर धीर दिला असेल, "काही होत नाही, माझा हात धर" म्हणाले असेन. आता माझेच हात गार पडले होते. मला मरणाची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त वाटत होतं की मी देवाच्या उपयोगाची उरले नाही. भिंतीकडं तोंड करून मी गुपचूप डोळे पुसत होते.

तेवढ्यात खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. "पोले, मामा," आवाज आला. पोले. वाईट वाटतं, सांभाळ, अशा अर्थाचा हा शब्द काकांनी आम्हाला दुखणाईताजवळ बसल्यावर म्हणायला शिकवला होता. वळून पाहिलं तर एक उंच, काळीसावळी बाई, अंगावर पिवळ्या नक्षीचं कापड गुंडाळलेलं. माझ्या तोंडून नकळत "असांते" गेलं, म्हणजे धन्यवाद. ती एवढी मोठ्यानं हसली की आतली नर्स डोकावली. पुढं ती भरभर बरंच बोलली, त्यातलं मला काही कळलं नाही. त्या नर्सनंच सांगितलं, "मॅडम, ह्या टांझानियाच्या. ह्यांच्या मुलीच्या हार्टला जन्मापासून होल आहे. आता आत तिचंच चाललंय."

मी त्या बाईच्या तोंडाकडं पाहिलं. जिची लेक त्या दाराआड टेबलावर होती, ती मला धीर द्यायला उठून आली होती. "नेमा," दाराकडं बोट दाखवून तिनं मुलीचं नाव सांगितलं. हाही शब्द मला येत होता. नेमा म्हणजे कृपा. आईला तिकडं मुलाच्या नावानंच हाक मारतात, म्हणून ही मामा नेमा.

"तुओंबे," ती म्हणाली. प्रार्थना करू या. माझ्या डोक्यावर तळवा ठेवून तिनं डोळे मिटले. येशूचं नाव तेवढं ओळखू आलं, बाकीचे शब्द नुसते अंगावरून वाहत गेले. मी तिच्या लोकांसाठी प्रार्थना करायला निघाले होते, आणि इथं ती माझ्यासाठी करत होती. मला लाज वाटली नाही. लहानपणी तापात आई कपाळावर हात ठेवायची, तसं वाटलं. मग मी तिचा हात धरून मराठीत नेमासाठी प्रार्थना केली. दार उघडलं तेव्हा आम्ही दोघी तशाच हात धरून बसलो होतो. आतून आलेल्या डॉक्टरांनी अंगठा वर करून दाखवला, आणि मामा नेमानं मला घट्ट मिठी मारली.

माझ्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. लगेच स्टेंट बसवली. "तुम्ही त्या खेड्यात असता तर..." डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं. मीही ते पुरं करत नाही. मला काही पटवून द्यायचं नाही, घडलं ते सांगते आहे.

आमची माणसं ठरल्याप्रमाणं गेली आणि माझी बॅग त्यांच्याबरोबर गेली. विमानतळावर जायची गाडी चर्चच्या फाटकाबाहेर पडताना मी हात हलवला. मनात कुठंतरी दुखलं, ते लपवत नाही. पण घरी लवकर परतायचं होतं. तपासण्या संपेपर्यंत मामा नेमा लेकीला घेऊन हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत राहत होती, आणि त्या दिवशी दोघी आमच्याकडं जेवायला यायच्या होत्या. मला अजून ओट्याशी उभं राहायची मनाई होती, म्हणून यजमानांनीच तांदळाच्या भाकरी थापल्या, वेड्यावाकड्या. नेमानं माशाच्या कालवणात बुडवून दोन खाल्ल्या आणि सोफ्यावर झोपून गेली. तिची छाती संथपणे वर-खाली होत होती. तिची आई आणि मी कितीतरी वेळ तिकडंच बघत बसलो.

त्या दोघी सुखरूप टांझानियाला, आपल्या घरी पोचल्या. मी आता बरी आहे. परवाच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई, पुढच्या वेळी याल का? डॉक्टर परवानगी देतील म्हणे."

"प्रभूनं नेलं तर येईन," मी म्हणाले.

"आणि नाही नेलं तर?"

पूर्वी या प्रश्नावरून मी देवाशी भांडले असते. आता हसू आलं. "तर मग इथं आहेच की मी," मी म्हणाले, आणि तसं म्हणता आलं म्हणून मनातल्या मनात त्याचे आभार मानले.