तुम्ही पडा, मी बघतो

मेंढरं माझ्यामुळे मेली, आणि मी सगळ्यांना सांगितलं की आबांचा, माझ्या वडिलांचा, डोळा लागला. आमचं गाव निरगुडसर सोडलं त्या सकाळी हे आबांपाशी कबूल करायचं ठरवलं होतं. धाकटा भाऊ नामा मला पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात पोचवायला पिकअप घेऊन दारात उभा होता. मी चपला घालत होतो. आबा ओट्यावरून उतरून जवळ आले. "स्वेटर घेतलं का रं? तिकडं थंडी आसल," म्हणाले. मी नुसती मान हलवली आणि गाडीत बसलो.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, मेंढरं मेली त्या दिवशी काय घडलं ते आता नीट सांगतो.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. पाण्यावाचून करपलेल्या कोवळ्या कडवळात, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीत, विष भरतं, हे आमच्याकडे चालता येऊ लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. आबा रोज मेंढरं सोडताना बजावायचे, "कडवळाकडं ध्यान ठिव." त्या दुपारी मीच त्यांना म्हणालो, "आबा, तुम्ही पडा, मी बघतो." ते बाभळीखाली आडवे झाले, आणि मी बाटली घेऊन ओढ्यात उतरलो. वर आलो तेव्हा मेंढरं कडवळात पाय झाडत पडली होती. अकरा गेली. माणसं जमली. "आबांचा डोळा लागला," मी म्हणालो. ते अर्धं खरं होतं, म्हणूनच खपलं. चुलते म्हणाले, "म्हाताऱ्याच्या जिवावर मेंढरं सोडली का आसंच व्हनार." आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. उरलेला कळप विकला, आणि जन्मभर मेंढरांमागे चाललेला माणूस ओट्यावर बसून राहिला.

केंद्रात पहिले काही दिवस मी खिडकीच्या गजाला धरून नामाला शिव्या दिल्या. हळूहळू दारू सुटली, आणि मी तिथेच मदतनीस म्हणून राहिलो. आता समुपदेशकाचं ट्रेनिंग घेतोय. पूर्वी उन्हाच्या तिरपीवरून वेळ कळायची, आता घंटेवर उठतो. डिटॉक्स, रिलॅप्स, फॉलोअप हे शब्द तोंडात बसलेत. घोडेगावच्या, जुन्नरच्या बायकांना फोन करून विचारतो, "ताई, घरी आल्यापासून ते कसे आहेत?" स्वतःच्या घरी मात्र फोन लावला की दोन मिनिटांत ठेवतो.

गेटची किल्ली माझ्या कमरेला असते, तरी तीन दिवाळ्या मी गावी गेलो नाही. ड्यूटी आहे, असं नामाला सांगत राहिलो. दारूची भीती मला ओळखीची होती, तिच्याशी कसं वागायचं ते मी शिकलो होतो. आबांच्या त्या नजरेशी कसं वागायचं, ते कुठल्याच वर्गात शिकवलं नाही.

ट्रेनिंगमध्ये आपली कहाणी ग्रुपपुढे सांगावी लागते. मी ती सफाईने सांगायचो, मेंढरं वगळून. एकदा जुन्नरकडचा एक टेम्पोवाला पेशंट म्हणाला, "सर, तुमची गोष्ट लई गुळगुळीत हाय. माझी सांगताना मी धा ठिकानी आडकतो, तुमी कुटंच आडकत न्हाई!" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत पेशंटांना "खरं बोला" म्हणायला माझं तोंड उघडेना. केंद्राच्या सरांकडे रजा मागितली आणि गावी जायला मंचरची एसटी धरली.

वाटभर वाटत होतं, मध्येच उतरावं. इतकी वर्षं केंद्रात घर घर करत होतो. आता कळलं, जिथे माझं खोटं अजून खरं म्हणून चालतं, तेच माझं घर, आणि ते खोटं तिथे जाऊनच मोडायला हवं.

आबा ओट्यावर होते. शेजारी चुलते, म्हणजे तात्या, आणि भावकीतली दोघं-तिघं. "या पावणं! वाट चुकला जनू," चुलते म्हणाले. आबा म्हणाले, "बस. च्या टाकाय सांगतो." मी बसलो नाही. पायाशी वाकून हळूच म्हणालो, "आबा, त्या मेंढरांचं... चूक माझी व्हती." त्यांनी माझा खांदा दाबला. "ठावं हाय मला. आसू दे, झालं त्ये."

तेवढ्यावर सुटलो असतो. पण चुलत्यांना ऐकायला कमी येतं. कानामागे हात धरून ते विचारू लागले, "काय म्हंतूय त्यो?"

आबा म्हणाले, "काय न्हाई." मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "तात्या, आबांचा काय दोष न्हाई! मीच त्यांना झोपाय लावलं आन् वढ्यात दारू पीत बसलो. मेंढरं माझ्यापायी मेली, आन् तुमा सगळ्यांम्होरं मी बापावर ढकाललं. आबा, चुकलो मी. मला माफ करा."