तीन वेळा घर बंद

ज्या बाईचं नाव माझ्यामुळे मंडळीच्या यादीतून कमी झालं होतं, ती शेवटच्या बाकावर बसून ते वाचलं जाताना ऐकत होती. हे मला कळलं तेव्हा मी पंख्याखालची जागा पकडून, मांडीवर वही घेऊन, अगदी राणीसारखी बसले होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसई पूर्वेला एका शाळेच्या हॉलमध्ये आमची प्रेसबिटेरियन मंडळी दर रविवारी उपासनेला जमायची. शेजारची कॅथलिक मावशी विचारायची, "तुमचे फादर कोन?" मी मान ताठ करून सांगायची, "आमच्यात पाळक असतात, आणि त्यांच्या जोडीला आम्हीच निवडून दिलेले वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी. सगळं कसं नियमानं, वहीत लिहून." वहीचं कौतुक मला जरा जास्तच होतं, कारण ती माझ्या ताब्यात होती.

काम सोपं होतं. जी माणसं आजारपणानं घरात अडकलीत, त्यांच्याकडे प्रभुभोजनाच्या आधीच्या शनिवारी जायचं, विचारपूस करायची आणि वहीत नोंद करायची. मग रविवारी दुपारी पाळक आणि वडील पाव न् द्राक्षरस घेऊन त्यांच्या घरी जायचे. प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदा. सलग तीन वेळा कुणाचं घर बंद असल्याची नोंद झाली की ते बिऱ्हाड सोडून गेले असं धरून वडीलमंडळ त्यांचं नाव कमी करायचं, आणि वार्षिक सभेत ते वाचून दाखवायचं.

आचोळ्याची ती विधवा बाई माझ्या वाट्याला आली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघ्यांनी बसलेली, मुलगी नर्स, रविवारीसुद्धा ड्युटीवर. मी चाळिशीची, एव्हरशाईनला नवा फ्लॅट, पायात टाचेच्या नव्या तपकिरी चपला. आचोळ्याच्या नाक्यापर्यंत मी तिन्ही वेळा गेले, हे अगदी खरं. नाक्यापुढे रस्ता खणलेला होता, आणि नाक्यावर कांदाभजीची गाडी होती. मी भजी खाल्ली, चपलांकडे पाहिलं, रिक्षा केली आणि रिक्षातच वहीत लिहिलं: घर बंद. अक्षर मात्र टपोरं होतं हं, रिक्षा हलत असूनसुद्धा.

तर सभेत पाळकांनी मायलेकींची नावं वाचली आणि मागून काठीचा आवाज आला.

"सलाम समद्यास्नी," ती बाई उभी राहून म्हणाली. "ती नावं आमची हायत. आमी कुठं गेलो न्हाई."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मेलेलं माणूस उठून उभं राहावं तसा धक्का मला बसला होता, आणि मारणारी मीच होते.

पत्र मागायला आली होती ती. मुलीचं लग्न सांगलीकडे ठरलं होतं, पुढच्याच महिन्यात. तिकडच्या मंडळीनं दोघींच्या सभासदत्वाचं पत्र मागितलं होतं. यादीत नावच नसेल तर पत्र कुठलं?

आमच्या भागाचे वडील निवृत्त मास्तर होते, शब्द मोजून बोलणारे. ते म्हणाले, "पण आमच्या बाई तीनदा येऊन गेल्या तुमच्याकडं. दार बंद होतं."

"तीनदा?" तिनं माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. "वरीस झालं, जिना उतरले न्हाई मी. आज लेकीनं धरून आणलं." मग थांबून, अगदी मऊ आवाजात: "का टँकर आला आसंल त्या वक्ताला? पाण्याला गेले आसन. बगितला का वो बाई टँकर?"

जी बाई वर्षभर जिना उतरली नाही ती टँकरवर जाईल कशी, एवढं पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. पण वहीवाल्या शहाणीला कुठलं कळायला! सुटका दिसली तशी मी टुणकन उडी मारली. "हो हो, होता ना टँकर! बिल्डिंगच्या दाराशीच. केवढी गर्दी!"

"लाल हुता?"

"लालच."

पाळक म्हणाले, "नोंद आहे तोवर निर्णय फिरवता येणार नाही. नोंद चुकीची ठरली तर गोष्ट वेगळी. नाहीतर यांना नव्याने अर्ज करावा लागेल, त्याला वेळ जाईल. आजच घर पाहून या."

म्हणजे लग्न माझ्या टपोऱ्या अक्षरावर अडलं होतं. लेक कामावर निघून गेली आणि ती, मास्तर आणि मी असे आम्ही तिघं रिक्षातून नाक्यावर उतरलो. रस्ता आता बुजवला होता, पण कच्चाच.

"चला बाई, पुढं व्हा," ती काठी टेकवत म्हणाली. "तुमास्नी वाट ठावं हाय."

मी चार पावलं टाकली असतील. गाडीवरून भजीवाला ओरडला, "काय मॅडम! आज रविवारच्या? नेमीची पलेट लावू? आज उभ्या नका राहू, बसा, रिक्षा थांबंल."

माझा पाय जागीच रुतला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ती बाई खोकली. तो खोकला नव्हता, हे मला आज सांगता येतं.

तरी मी चालत राहिले, बघा! डावीकडे वळू की उजवीकडे? डावीकडे वळले. मागून काठीचा आवाज आलाच नाही. वळून पाहिलं तर दोघं उजवीकडच्या बोळाच्या तोंडाशी शांतपणे उभी. बोळ इतका अरुंद की स्कूटरसुद्धा तिरकी करून न्यावी लागेल. आत चार मजली जुनी बिल्डिंग आणि अंगणात गच्च भरलेली विहीर, तिच्यावर पंप.

मास्तरांनी विहीर पाहिली, बोळ पाहिला. मग विचारलं, "टँकर कुठं उभा होता, बाई?"

खोटं पकडलं गेलं याचा धक्का होताच, पण त्याहून मोठा धक्का म्हणजे त्या म्हातारीनं भर सभेत, पाळकांच्या देखत, मला हा फास टाकला होता आणि मी तो गळ्यात घालून वर गाठ मारली होती.

जिना चढायला तिला बराच वेळ लागला. पायरीपायरीला थांबत होती. वर दाराला कडी नुसती अडकवलेली. कुलूप लावायची सवयच नाही, म्हणाली. आत एक स्टुलावजा टेबल, त्यावर घडी घातलेलं पांढरं कापड, कडेला क्रोशाची वेलबुट्टी.

"हे काय?" मी विचारलं. उगाच विचारलं.

"परभुभोजनाचं. दर खेपंला आंथरून बसायची. सांज झाली की घडी करून ठेवायची. म्हटलं, वडिलांस्नी लांब पडत आसंल."

तीनदा अंथरलं, तीनदा घडी केली. मी रिक्षात बसून तोंडाचा तेलकटपणा पुसत होते तेव्हा. मास्तर खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. ती चहा टाकायला उठली, तर मी म्हटलं, "मी टाकते." स्टोव्ह पेटवायला काड्याच काड्या लागल्या.

मास्तरांनी वही पुढे केली. "खोडा. पण खोडलं की कारण लिहावं लागतं. आणि नाव मंडळीसमोर वाचलं गेलंय, तेव्हा कारणही तिथंच वाचावं लागेल."

"कोण वाचणार?"

"अक्षर कुणाचं आहे?"

पुढच्या रविवारी मी उभी राहिले. कारण लिहिलं होतं: 'भेट दिली नाही. नाक्यावर भजी खाऊन परत आले. टँकरही नव्हता.' नवऱ्याला आधी सांगायचा धीर झाला नव्हता. त्याचं तोंड उघडं पडलं ते प्रार्थना सुरू झाल्यावर मिटलं. एकही माणूस हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पत्र मात्र त्याच दिवशी लिहिलं गेलं, मायलेकींची नावं मूळ तारखेपासून.

वही माझ्याकडून काढून घेतील असं वाटलं होतं. मास्तरांनी ती मलाच परत दिली आणि म्हणाले, "आचोळं तुमच्याकडंच राहील."

लेक सांगलीला गेली, म्हातारी तिथंच राहिली. पुढं कितीतरी वर्षं मी तो जिना चढले, सपाट चपला घालून. दुसऱ्या मजल्यावर माझी धाप ऐकू गेली की वरून हाक यायची, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी:

"घर उघडं हाय वो बाई! लिवून घ्या आदी!"