मांडी घालण्यापुरती जागा

माझा आवाज चढा आहे, हे बहरीनच्या माहूज भागातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. एसी बंद पडला की मी आधी ओरडते आणि मग फोन करते. इमारतीची दुरुस्ती पाहणारे गणपतमामा माझं ओरडणं संपेपर्यंत शिडी लावून मोकळे झालेले असतात. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक एसीला आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटतात आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगतात. नऊ वर्षांत त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

मामा देवगडकडचे. चोविसाव्या वर्षी बहरीनला आले, आज अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरांत थंडी पोहोचवली आणि स्वतः तळमजल्यावर पंपाशेजारच्या खोलीत राहिले. हिवाळ्यात मात्र जेवायला गच्चीवर जातात. टाकीच्या सावलीत फरशीवर मांडी घालून बसतात, डबा उघडतात आणि गावी सत्यवतीमामींना व्हिडिओ कॉल लावतात. साठाव्या वर्षी कंपनी व्हिसा संपवणार, हे ठरलेलं. त्याआधी या इमारतीत थोडीतरी जागा आपली असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मला ती ऐकून आधी हसू आलं, मग माझीच लाज वाटली.

कारण मार्ग होता. एक ट्रस्ट लोकांच्या पैशांतून इमारती विकत घेतो आणि आलेलं भाडं त्यांच्यात वाटतो. त्याची आठशे युनिटं, म्हणजे वाटे, मामांनी हळूहळू जमवली होती. यंदा त्या ट्रस्टने आमचीच इमारत घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी नवी युनिटं काढली. जुन्या चारांमागे एक नवं हक्काचं, म्हणजे मामांची दोनशे. शिवाय ज्यांनी आपला हक्क घेतला नाही त्यांची उरलेली युनिटं, जे जास्तीची मागतील त्यांना मिळणार होती. हे अर्ज मी नोकरी करते त्याच बँकेत घेत होते, म्हणून समजावून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

मी ढोबळ हिशेब केला. दोनशे युनिटांच्या पैशात गच्चीवरची एक फरशी. मामा म्हणाले, एका फरशीवर फार तर एका पायावर उभं राहता येईल. मांडीला किती लागतात, ते त्यांनी बसून मोजलं. सहा. म्हणजे हजार युनिटं जास्तीची मागायला हवीत. त्यांच्याकडे तेवढे दिनार बाजूला ठेवलेले होते.

मुदत गुरुवारी दुपारी एकपर्यंत होती. बुधवारी सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत आले. माझ्यासमोर रांग लागलेली, त्यामुळे त्यांचा अर्ज शेजारच्या खिडकीवरच्या झैदने घेतला. संध्याकाळी चार वाजता मी घरी आले तर मामा गच्चीवर चहा पीत बसले होते. जास्तीचं विचारायला ट्रस्टवाले कधी येणार, असं त्यांनी मला सहज विचारलं.

मी त्यांच्याकडून अर्जाची पोच मागून घेतली. जास्तीच्या रकान्यात मामांनी शून्य लिहिलं होतं.

"मागान खावक बरा दिसता काय, बाय?" ते म्हणाले. "उरला तर ते इचारतलेच."

मी ओरडले. इथे पंगत नाही, वाढपी फिरून येत नाही, जो मागेल त्यालाच मिळतं आणि उद्या एकला सगळं खलास, असं सगळं एका दमात सांगितलं. मामा मान खाली घालून ऐकत होते, पण त्यांचा हात काही खिशातल्या पेनाकडे जाईना. मग माझ्या लक्षात आलं. आमच्या वसईतही लग्नाच्या जेवणात पहिल्या खेपेला कुणी हो म्हणत नाही. माणसाला भूक असते, पण आग्रह झाल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

ग्राहकाला आग्रह करणं बँकेच्या नियमात बसत नाही. पण त्या वेळी मी त्यांची शेजारीण होते. पर्समधून कोरा अर्ज काढला आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "मामा, हजार युनिटं. घ्या ना."

"नको नको."

"थोडी तरी घ्या."

"पुरे झाला, बाय."

"मामा, तुम्ही नाही घेतलीत तर मला राग येईल."

माझा राग त्यांनी पाहिलेला होता. त्यांनी कप खाली ठेवला. "तू इतक्या म्हणतंस तर वाढ," म्हणाले आणि आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो अर्ज मी स्वतः जमा करून घेतला.

दोन आठवड्यांनी निकाल लागला. मागणारे बरेच निघाले होते, त्यामुळे हजारांपैकी आठशेच मिळाली आणि बाकीचे पैसे परत आले. मामांना कसं सांगावं, या विचारात मी जिना चढले. ऐकताच त्यांनी खडू काढला, टाकीच्या सावलीतल्या पाच फरशांभोवती रेघ मारली आणि मधोमध मांडी घातली. उजवा गुडघा तेवढा रेघेबाहेर राहिला.

"ह्यो गुडघो भाड्यार आसा," असं म्हणून ते इतके हसले की मलाही हसू आवरेना.

मग त्यांनी फोन लावला आणि मामींना प्रत्येक फरशी वेगळी दाखवली. मामी बहरीनला कधीच आलेल्या नाहीत. त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "आणि माका खंय बसवतलास?"

 मामांनी गुडघा रेघेच्या आत ओढून पाहिला, तरी जागा होईना. मग ते माझ्याकडे वळले.

"बाय, परत युनिटा काढतले तेव्हा माका आधी सांग," ते म्हणाले. "तू आग्रह करू नको. मी आपणच मागतलंय."